युर्युयेन क्योश्क (चालता बंगला)

युर्युयेन क्योश्क : तुर्कस्तानच्या वायव्येस, मार्मारा समुद्राच्या काठी यालोवा शहरात असलेला दुमजली लाकडी बंगला. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक व पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल आतातुर्क यांच्यासाठी तो १९२९ मध्ये बांधला गेला आणि आज त्यांच्या स्मृतीचे संग्रहालय आहे. ‘युर्युयेन’ म्हणजे चालणारा. हे नाव अलंकारिक नाही. एका झाडाची फांदी तोडावी लागू नये म्हणून १९३० मध्ये हा बंगला खरोखरच जागेवरून सरकवण्यात आला.

‘क्योश्क’ हा शब्द मूळचा फारसी. बागेतला मंडप, विसाव्याचा छोटा बंगला असा त्याचा तुर्की अर्थ. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला ‘किऑस्क’ हा त्याचाच वंशज.

ज्या झाडासाठी हे सारे झाले ते तुर्की भाषेत ‘चनार’, म्हणजे काश्मीरला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या ओळखीचा चिनार. किनाऱ्यालगत उभा असलेला हा जुना, डेरेदार वृक्ष ऑगस्ट १९२९ मध्ये यालोव्याला आलेल्या केमाल पाशांच्या नजरेत भरला आणि त्याच्या शेजारीच राहायला एक बंगला बांधण्याची सूचना त्यांनी केली. (‘आतातुर्क’ हे आडनाव त्यांना मिळाले ते पुढे १९३४ मध्ये.) काम अवघ्या २२ दिवसांत पुरे झाले. राष्ट्राध्यक्षाच्या मानाने घर अगदी साधे आहे: चौकोनी आराखडा, कौलारू छप्पर, खाली समुद्राकडे तोंड करून असलेले काचेच्या खिडक्यांचे बैठकीचे दालन व चहा करण्याची खोली, वर निजण्याची व विश्रांतीची खोली.

पुढच्याच उन्हाळ्यात अडचण उभी राहिली. चिनाराची एक फांदी वाढून छपराला व भिंतीला लागू लागली होती. ती छाटण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा केमाल पाशांनी नकार दिला आणि त्याऐवजी बंगलाच बाजूला घ्यावा असे सांगितले, अशी हकीकत आहे. यालोवा तेव्हा इस्तंबूलच्या कारभाराखाली असल्याने काम इस्तंबूल नगरपालिकेच्या बांधकाम खात्याकडे गेले व अभियंता अली गालिप बे यांनी ते हाती घेतले. पायाभोवतीची माती उकरण्यात आली, इस्तंबूलहून आणलेले ट्रामचे रूळ पायाखाली सरकवण्यात आले आणि त्यांवर बंगल्याचा भार घेऊन तो इंचाइंचाने पूर्वेकडे ओढला गेला. काम ८ ऑगस्ट १९३० रोजी सुरू झाले. आधी बैठकीचा भाग हलवला, मग मुख्य इमारत. १० ऑगस्टला घर ४.८० मीटर, म्हणजे जवळजवळ सोळा फूट, सरकून नव्या जागी स्थिरावले. केमाल पाशा आणि त्यांच्या भगिनी मकबूले हानम तेथे जातीने हजर होत्या.

लाकडाचे बांधकाम येथे फार उपयोगी पडले. खांब, तुळया आणि फळ्या एकमेकांत बांधलेल्या असल्या की घर एखाद्या पेटीसारखे सलग राहते. वजनही हलके असते. दगड-विटांच्या भिंतींना उचलताना थोडा जरी उंचसखलपणा आला तरी तडे जातात. तरीही फांदी छाटणे हे तासाभराचे काम होते आणि ते टाळण्यासाठी केवढा खटाटोप केला गेला, हे विसरता येत नाही. शिवाय ते दिवस निवांत नव्हते. त्याच आठवड्यांत यालोव्यात विरोधी पक्ष स्थापन करण्याविषयी केमाल पाशांची माजी पंतप्रधान फेथी बे यांच्याशी बोलणी चालू होती आणि १२ ऑगस्टला ‘स्वतंत्र प्रजासत्ताक पक्ष’ अस्तित्वात आला. मकबूले हानमही त्या पक्षाच्या सदस्य झाल्या. पक्ष मात्र नोव्हेंबरमध्येच विसर्जित झाला.

बंगला ज्या शेतीच्या परिसरात आहे ती जमीन आतातुर्क यांनी १९३७ मध्ये आपल्या इतर शेतांबरोबर राष्ट्राला दान केली. आज तेथे त्यांच्याच नावाची फलोद्यान संशोधन संस्था आहे. १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपाने यालोव्यात फार मोठी जीवितहानी केली. हे लाकडी घर मात्र टिकून राहिले. नंतर डागडुजी करून २००६ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले.

नेत्यांच्या घरांत सहसा पलंग, टेबल, कपडे जपलेले असतात. तशा वस्तू येथेही आहेत, पण येथली सर्वांत मोलाची वस्तू घराबाहेर आहे. म्हणून आधी अंगणात उभे राहून घर आणि झाड यांच्यातले अंतर पाहावे आणि मगच आत शिरावे. चिनार अजून जिवंत आहे आणि उन्हाळ्यात त्याची सावली समुद्राकडच्या अंगणावर पडते.