डेटाबेसविना वेब फॉर्म: पार्श्वभूमी

फॉर्ममधली माहिती साध्या टेक्स्ट फाइलीत साठवायची पद्धत डेटाबेस परवडत नाही म्हणून निघाली, असा समज आहे. प्रत्यक्षात वेबवर ती आधीची आहे. ब्राउझरमध्ये फॉर्म भरता येऊ लागले १९९३ मध्ये. त्याच वर्षी सीजीआय आलं: सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवायचा, फॉर्ममधला मजकूर त्याच्या हवाली करायचा आणि तो जे छापेल ते ब्राउझरकडे पाठवायचं. मजकूर ठेवायचा कुठे, याबद्दल सीजीआयने अवाक्षर काढलं नाही. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत फाइल '>>' लावून उघडली की नवी ओळ आपोआप शेवटी जाते, एवढ्यावर गेस्टबुकं आणि मतचाचण्या वर्षानुवर्षं चालल्या.

पुढे पीएचपी ही वेबसाठीची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस आले तरी फाइली हटल्या नाहीत. अनेक साइट एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये डेटाबेस नसायचाच, किंवा त्याचे वेगळे पैसे पडायचे. पैशांचं कारण या टप्प्यावर खरं आहे. दुसरी वाट ईमेलची होती. फॉर्ममेल ही तयार स्क्रिप्ट त्यासाठी सर्रास वापरली जायची. तिच्या जुन्या आवृत्त्यांत मेल कुणाला जाणार हे फॉर्ममधल्याच लपवलेल्या रकान्यात असे, आणि स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

फाइलीतल्या एका ओळीतले रकाने वेगळे करायला स्वल्पविराम आपल्याकडे टिकणं अवघडच. 'फ्लॅट नं. ३, दुसरा मजला, मारुती मंदिराशेजारी, सदाशिव पेठ' हा पत्ता एका रकान्यात मावायला हवा, तो चार खातो. म्हणून '|' आलं, कारण म्हणे ते कुणी टाइप करत नाही. मराठीत करतात. अभंग किंवा ओवी लिहिताना दंडाच्या जागी हीच उभी रेघ मारली जाते, आणि अभिप्रायात कुणी 'जय जय राम कृष्ण हरि |' लिहिलं की त्याचा ईमेल एक घर पुढे सरकतो. चौकटीत एन्टर दाबला तर ओळच तुटते. सीएसव्हीचे, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलींचे, नियम लेखी स्वरूपात आले २००५ मध्ये, आणि त्याच वर्षी पीएचपी ५.१ मध्ये तशी फाइल लिहिणारं फंक्शनही. तरीही यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतली ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा चिखल व्हायचा. फाइलीच्या सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे ही पद्धत ओळखू येण्यासाठीच्या खुणेचे, तीन बाइट घातले की निभायचं.

खरा वाद लॉकचा, म्हणजे एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवण्याचा. दोघांनी एकाच क्षणी 'सबमिट' दाबलं तर काय, यावर 'डेटाबेस घ्या' हे उत्तर ठरलेलं असतं. ते घाईचं आहे. युनिक्समध्ये फाइल जोडण्यासाठी उघडली असेल तर प्रत्येक लिखाण त्या क्षणीच्या शेवटालाच जातं. आखूड ओळींचं त्यावर भागतं. लांब मजकूर मात्र बफरमधून, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातून, तुकड्यांनी लिहिला जातो, आणि दोन तुकड्यांच्या मधे दुसऱ्याची ओळ शिरू शकते. फाइल एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, असेल तर तीही हमी नाही.

त्यावर उपाय फ्लॉक, म्हणजे फाइलीवर लॉक मागायची सोय. पण तो 'आत माणूस आहे' अशी पाटी लावलेल्या, कडी नसलेल्या दारासारखा: विचारणारे थांबतात, न विचारता ढकलणाऱ्याला कुणी अडवत नाही. शिवाय लिनक्सच्या २.६.१२ आवृत्तीपूर्वी एनएफएसवर तो त्या एका मशीनपुरताच लागू असे.

फाइलींची बदनामी झाली ती काउंटरमुळे, म्हणजे पानाला किती भेटी झाल्या हे मोजणाऱ्या स्क्रिप्टमुळे. स्क्रिप्ट फाइल '>' ने उघडायची आणि मग लॉक मागायची. उघडताक्षणीच फाइल रिकामी होते. लॉक मिळतो नंतर. मधल्या फटीत दुसऱ्या भेटीची स्क्रिप्ट वाचायला आली तर तिला रिकामी फाइल दिसते, ती १ लिहून मोकळी होते, आणि कालपर्यंतच्या भेटी गायब. लॉक मिळेपर्यंत फाइल न पुसणारा मोड पीएचपीत आला तो ५.२.६ मध्ये, २००८ साली. फाइल न पुसता वाचन-लेखनासाठी उघडायची, लॉक घ्यायचा आणि मग पुसायची, हा क्रम जाणकारांना आधीही माहीत होता. तयार स्क्रिप्ट उचलून चिकटवणाऱ्यांना नव्हता. चूक क्रमाची, शिव्या फाइलींना.

याहून मोठी चूक जागेची होती, आणि तिच्यावर फारसा वाद झालाच नाही. फाइल वेब फोल्डरमध्ये, परवानगी ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, नाव कुणालाही सुचेल असं; पत्ता टाइप केला की फोन नंबरांसकट यादी समोर. ती एक फोल्डर वर, वेबवरून पोहोचता येणाऱ्या फोल्डरांबाहेर ठेवली असती तर भागलं असतं.

२००० साली एसक्यूलाइट हा वेगळा सर्व्हर न लागणारा छोटा डेटाबेस आला आणि २००४ मध्ये पीएचपी ५ सोबत मिळू लागला. लॉक आणि रकाने दोन्हींची जबाबदारी तोच घेतो, आणि सगळं एका फाइलीत. याला डेटाबेस म्हणायचं की फाइल, हे ज्याने त्याने ठरवावं. २००८ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन स्प्रेडशीटला फॉर्म जोडले गेले, आणि सोसायटीच्या बैठकीपासून स्नेहसंमेलनापर्यंतची नावनोंदणी तिकडे वळली. स्क्रिप्ट नको, सर्व्हर नको. माहिती मात्र दुसऱ्याच्या घरी. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या व्याख्येत टेक्स्ट फाइल, स्प्रेडशीट आणि डेटाबेस असा फरक नाही.