‘पोट लहान केलं की पथ्य संपलं’? खुलासा

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज: वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की जेवण आपोआप कमी जातं, म्हणून काहीही खाल्लं तरी चालतं.

पहिला भाग खरा आहे. स्लीव्ह पद्धतीत जठराचा मोठा भाग कापून काढतात, साधारण 100 ते 150 मिली उरतं. पण अडवला जातो तो घट्ट घास. मस्तानी, उसाचा रस, आइस्क्रीम पटकन खाली उतरतात, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. कोरड्या खाऊचंही तेच. पडताळायचं तर बाकरवडीच्या पाकिटामागचा तक्ता वाचा: 100 ग्रॅमला साधारण 500 कॅलरी. दर वेळी 50 ग्रॅम, दिवसातून चारदा, म्हणजे हजार कॅलरी, तेही ‘थोडंच’ खाऊन! गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) झालेल्यांना गोडानंतर घाम, धडधड, जुलाबही होऊ शकतात.

उलट प्रथिनं रोज 60 ते 80 ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहाच ग्रॅम. म्हणून ताटात आधी पनीर, अंडं किंवा डाळ. भाकरी शेवटी, जागा उरली तर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

जीवनसत्त्वं-खनिजांच्या गोळ्या मात्र आयुष्यभर. जठर कापल्याने बी12 शोषायला लागणारा घटक कमी तयार होतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नयेत, किमान दोन तासांचं अंतर ठेवा. तब्येत ठणठणीत वाटली तरी बी12, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), डी जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासा. पहिल्या वर्षी जास्त वेळा. शरीरातला बी12चा साठा संपायला बराच काळ लागतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते.