मिथेनॉल मेसर: पहिला वर्ग की दुसरा?

मृग नक्षत्रातल्या ओरायन-केएल ढगात १९७१ मध्ये मिथेनॉलचा मेसर सापडला. मेसर म्हणजे रेडिओलहरींचा लेसर, निसर्गानेच जुळवलेला. पुढे शर्मिष्ठेतल्या डब्ल्यू३(ओएच) या ढगातही मिथेनॉलचे मेसर मिळाले, पण वेगळ्याच वारंवारतांवर. रेणू तोच आणि दोन्हीकडे जड ताऱ्यांचा जन्म चाललेला, म्हणून घोटाळा होतो. नुसता ‘मिथेनॉल मेसर सापडला’ असं वाचलं की मी आधी वारंवारता बघतो. ओरायनसारख्या मेसरना ‘पहिला’ आणि डब्ल्यू३(ओएच)सारख्यांना ‘दुसरा’ वर्ग म्हणतात, पण ही नावं तर काहीच सांगत नाहीत.

दुसऱ्या वर्गाची ठळक रेषा (म्हणजे रेणूची ठरलेली वारंवारता) ६.७ गिगाहर्ट्झची, कार्ल मेंटेन यांनी ती १९९१ मध्ये दाखवली. इथे रेणूंना ऊर्जेच्या वरच्या पातळीवर चढवतो तो तापलेल्या धुळीचा अवरक्त प्रकाश. ही ऊब नवजात ताऱ्याच्या जवळच मिळते, आणि लहान ताऱ्यांना ती पुरेशी देता येत नाही. त्यामुळे ६.७ची रेषा दिसली की तिथे जड तारा घडतोय, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने आकाशगंगेचा पट्टा याच रेषेवर चाळून काढला. २०१५ मध्ये एस२५५ या तारे जन्मणाऱ्या भागातल्या एका बालताऱ्याने भोवतालचं द्रव्य भसाभस गिळलं, अवरक्त तेज वाढलं आणि ६.७चा मेसरही भडकला.

पहिला वर्ग ३६, ४४, ९५ गिगाहर्ट्झवर दिसतो. त्याला प्रकाश नको, टक्कर हवी. ताऱ्यातून सुटलेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो, तिथे हे ठिपके उमटतात. म्हणजे ताऱ्यापासून बरेच लांबही. आणि टक्कर कुणीही घडवू शकतं: आकाशगंगेच्या केंद्राजवळ सॅजिटेरियस ए ईस्ट या अधिनवताऱ्याच्या (स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याच्या) अवशेषाशेजारीही हे मेसर आहेत. तेव्हा एकट्या ४४वरून जड ताऱ्याची ग्वाही देऊ नये.

एकाच ढगात दोन्ही असले, तर रेडिओ दुर्बिणीच्या एकट्या तबकडीला ते एकाच ठिकाणी भासतात. त्यांच्या जागा वेगळ्या काढायला अनेक तबकड्यांची जोडणी लागते. (आपली पुण्याजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथे कामाची नाही, तिचा पल्ला साधारण १.४५ गिगाहर्ट्झला संपतो.) एक गंमत मात्र एकट्या तबकडीलाही दिसू शकते. जिथे टकरींचंच राज्य असतं, तिथे ६.७ची रेषा उजळत नाही. उलट मागून येणारा प्रकाश शोषून खळगा दाखवते.