कोब्राच्या प्रतिकृतीला साइड पाइप: प्रथा आली कुठून?

कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधणारे साइड पाइप, म्हणजे गाडीच्या बाजूने बाहेर काढलेले एक्झॉस्टचे पाइप, लावतात. कारणे दोन सांगतात: गाडी ओरिजिनल दिसते आणि आवाज खास येतो. 1962 ची कोब्रा म्हणजे ब्रिटिश चासी (गाडीचा सांगाडा) आणि आत अमेरिकन व्ही-8, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचे इंजिन. रस्त्यासाठी विकलेल्या 289 (घनइंचांच्या इंजिनाच्या) कोब्राचा एक्झॉस्ट गाडीच्या पोटाखालून मागे जाई. साइड पाइप होते ते शर्यतीच्या गाड्यांना.

गोंधळ 1965 चा आहे. सात लिटरच्या (427 घनइंचांच्या) 427 कोब्राला शर्यतीची मान्यता हवी तर शंभर गाड्या दाखवायच्या होत्या. तेवढ्या तयार नव्हत्या, मान्यता हुकली. पडून राहिलेल्या शर्यतीच्या गाड्यांना काच वगैरे बसवून त्या रस्त्यासाठी विकल्या, साइड पाइपसकट. अशा मोजक्याच होत्या. रस्त्यासाठीच बांधलेल्या बहुतेक 427 गाड्यांचा एक्झॉस्ट खालूनच होता. तरी ऐंशीच्या दशकात फायबरग्लासच्या बॉड्या निघाल्या तेव्हा साचा घेतला गेला तो या मोजक्या गाड्यांचा. ब्रिटनमध्ये तर खाली जॅग्वारचे सस्पेन्शन, आत रोव्हरचे साडेतीन लिटरचे इंजिन आणि बाहेर 427 चे जाडजूड पाइप, असा थाट सर्रास असे. तेव्हा ‘ओरिजिनल दिसायला हवी म्हणून साइड पाइप’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

आवाजाचा मुद्दा मात्र खरा. या व्ही-8 मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) 90, 180, 270, 180 अंश फिरला की एकेक होतो. साइड पाइपमध्ये दोन्ही बाजू शेवटपर्यंत वेगळ्या राहतात, म्हणून तो तुटक गडगडाट ऐकू येतो. पोटाखालून नेले की दोन्ही पाइप आडव्या नळीने जोडता येतात, सायलेन्सरही लांबलचक बसवता येतो आणि आवाज भरीव, शांत होतो. उतरताना पोटरी भाजत नाही, हेही आहेच. कोब्रावाल्यांत त्या डागाला ‘सर्पदंश’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये 1998 पासून घरी बांधलेल्या गाड्यांना नोंदणीआधी तपासणी लागू झाली, 2009 मध्ये तिची जागा आयव्हीए या नव्या तपासणीने घेतली. आता पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर 99 डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोजमाप इंजिन कमाल ताकदीच्या तीन चतुर्थांश आरपीएमवर ठेवून होते. साइड पाइपच्या आखूड सायलेन्सरला ते जड जाते, म्हणून कित्येक जण तपासणीपुरते आत जादा बॅफल (आवाज दाबणारे अडसर) घालतात आणि नंतर काढतात. हे मला अजिबात पटत नाही. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. इंजिन नवे असेल तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही लागतो, आणि त्याला जागा पोटाखालीच सोयीची. 289 ची अरुंद बॉडी घेतली असेल, तर साइड पाइपचा विचारही करू नये.