आवाजाची घडी आणि त्यावरचं कुलूप

जुनी कॅसेट वाजवून तासाभराचा आवाज संगणकात उतरवून घेतला, की सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल साधारण ६३५ एमबीची होते. हिशेब सरळ आहे. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ खुणांत, लिहायचं, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलसाठी करायचं. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. अशा तीस-चाळीस कॅसेट असल्या तर वीस-पंचवीस जीबी सहज होतात. मग आपण सगळं फोल्डर उचलतो, झिप करतो, पासवर्ड टाकतो आणि निर्धास्त होतो. मीही बरीच वर्षं हेच करत होतो. यात जागा फारशी वाचत नाही, आणि नको तो धोका मात्र पदरी येतो.

जागा का वाचत नाही, ते आधी पाहू. झिपच्या पोटात डिफ्लेट नावाची पद्धत असते. तिचा एक भाग अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली मांडलेल्या कल्पनेवर उभा आहे. आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा दिसला, तर तो परत लिहायचा नाही, ‘इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल’ एवढीच खूण ठेवायची. दुसरा भाग डेव्हिड हफमन यांच्या १९५२ सालच्या संकेतांचा. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत द्यायचा, क्वचित येणाऱ्याला लांब. मजकुरावर ही जोडी उत्तम चालते, कारण मजकुरात तेच शब्द जसेच्या तसे पुन्हा पुन्हा येतात. आवाजात तसं होत नाही. एकाच माणसाने एकच हाक दोनदा मारली, तरी दोन्ही वेळची मोजमापं आकड्याला आकडा अशी कधीच जुळत नाहीत. झिप पुनरावृत्ती शोधत राहतं आणि त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

आवाजाची ठेवण वेगळी असते. लाट वर चढत असेल तर पुढच्या क्षणी ती साधारण कुठे असेल, याचा अंदाज बांधता येतो. समजा लागोपाठची मोजमापं १०००, १०४०, १०७८, १११४, ११४८ अशी आहेत. यात एकही आकडा पुन्हा आलेला नाही. पण एक नियम लावून बघा: मागच्या खेपेला जितकी वाढ झाली, तितकीच पुढेही होईल. १००० नंतर १०४० आला, म्हणजे वाढ ४० ची. तर पुढचा अंदाज १०८०. प्रत्यक्षात आला १०७८, चूक उणे २. पुढचा अंदाज १११६, आला १११४, पुन्हा उणे २. त्यापुढेही तेच. मग चार आकडी मोजमापं साठवण्याऐवजी सुरुवातीचे दोन आकडे आणि नंतरच्या फक्त चुका साठवल्या तरी पुरतं. चुका लहान असतात, त्यामुळे त्या थोड्या बिटांत मावतात. फ्लॅक ही पद्धत नेमकं हेच करते. जोश कोलसन यांनी ती तयार केली आणि २००१ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. संगीताच्या फाइली तिच्यामुळे बहुधा निम्म्याच्या आसपास येतात आणि उलगडल्यावर मूळ मोजमापं एका बिटाचाही फरक न होता परत मिळतात.

जुन्या कॅसेटच्या बाबतीत इथे एक गंमत आहे. कॅसेट एकाच माइकवर भरलेली असेल, तर दोन्ही चॅनेलवर जवळजवळ तोच आवाज असतो. फ्लॅक दोन्हींमधला फरक वेगळा काढून साठवू शकतं आणि तो फरक चिमूटभरच भरतो. उलट टेपची ती सततची खरखर फार महाग पडते. खरखरीचा पुढचा आकडा कोणत्याच नियमाने सांगता येत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवलं तेच हे: जे अंदाजाच्या पलीकडे आहे, त्याचा आकार कमी करता येत नाही. कोणी बोलत नसतानाचा खरखरीचा मिनिटही त्यामुळे चांगलीच जागा खातो.

एमपी३ करून टाकावं, असं इथे वाटू शकतं. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांची, फाइल वेव्हच्या सुमारे अकराव्या हिश्श्याएवढी होते. पण कानाला ऐकू येणार नाही असं समजून एमपी३ काही भाग कायमचा टाकून देतं. खरखरीतून आवाज वेगळा काढणारं चांगलं साधन उद्या हाती आलं, तर त्याला मूळ मोजमापं लागतील. ऐकायला एमपी३ ठेवा, जतन करायला नको. आणि एमपी३ची फ्लॅक केल्याने गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

आता कुलपाकडे वळू. क्रम आधी आकार कमी करायचा आणि मग एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करायचं, असाच हवा. चांगलं एन्क्रिप्शन डेटातली सगळी ठेवण पुसून टाकतं, त्यामुळे नंतर त्याचा आकार कमी करायला काहीच उरत नाही. कुलूप कोणतं, हेही महत्त्वाचं. झिपची जुनी कुलूप पद्धत एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ सालीच फोडून दाखवली. आतल्या मजकुराचे थोडेसे बाइट आधीच ठाऊक असले की पासवर्ड कळण्याआधीच सगळं उघडता येतं. आता वेव्ह फाइलची सुरुवात आठवा: पहिले चार बाइट ‘आरआयएफएफ’, पुढचे चार सोडून ‘डब्ल्यूएव्हीई’. हे कुणालाही ठाऊक असतं. म्हणून एईएस-२५६ ही आजची भक्कम कुलूप पद्धत निवडावी. सेव्हन-झेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत तीच असते. शिवाय पासवर्डपासून किल्ली बनवताना तिथे एसएचए-२५६ची, म्हणजे डेटा घुसळून ठरावीक लांबीचा आकडा काढण्याची, प्रक्रिया ५,२४,२८८ वेळा घडते, त्यामुळे अंदाजाने पासवर्ड टाकत बसणाऱ्याचा वेग फार मंदावतो. फाइलींची नावं लपवण्याचा पर्यायही निवडावा. साध्या झिपमध्ये आतला आवाज बंद असला, तरी नावं उघडी असतात, आणि घरगुती ध्वनिमुद्रणात नावंच पुष्कळ काही सांगून जातात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डिस्कवर एखादा बिट उलटण्याची. वेव्हमध्ये एक बिट बिघडला तर एक बारीकसा टक ऐकू येतो. फ्लॅकमध्ये एक चौकट हातची जाते, ती बहुधा ४,०९६ मोजमापांची, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या भागाएवढी. पण सगळ्या फाइली एकत्र घट्ट कॉम्प्रेस केल्या असतील, तर बिघाडापुढचा बराच भाग उलगडतच नाही. म्हणून फ्लॅक फाइली सेव्हन-झेडमध्ये टाकताना कॉम्प्रेशन बंद ठेवावं. तसंही त्यातून काही वाचणार नसतं. मग बिघडलेला बिट एईएसचा १६ बाइटांचा ठोकळा आणि त्यापुढच्या ठोकळ्यातला एक बिट एवढंच नासवतो. सोबत पार-२ प्रकारच्या दुरुस्ती-फाइली ठेवल्या तर तेवढंही भरून काढता येतं. त्यामागे अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचं १९६० सालचं गणित आहे. ओरखडा पडलेली सीडी अडखळत नाही, तीही त्याच गणिताच्या जोरावर.

फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाचा एमडी-५ ठसा लिहिलेला असतो, ३२ अक्षरांचा. हा ठसा आवाजाच्या आकड्यांवरूनच काढलेला असतो, आकडे बदलले की तोही बदलतो. मी बॅकअप दुसऱ्या संगणकावर नेतो, कागदावर लिहून ठेवलेला पासवर्ड बघून टाकतो, फाइली उलगडतो आणि फ्लॅकची तपासणी चालवतो. ती आवाज पूर्ण उलगडून ठसा नव्याने काढते आणि जुन्याशी ताडून पाहते. शेवटच्या फाइलीपर्यंत जुळलं, की मगच मूळ वेव्ह पुसतो.