एका पंखावरचा दात

‘शेजारचे दोन धडधाकट दात तासल्याशिवाय ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) बसत नाही’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ‘वरचा दात काढला की नजर जाते’ याच्याच पंगतीला ते बसवावंसं वाटतं. (नजरेची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी.) समोरचा एखादाच दात गेला असेल, तर सिरॅमिकचा दात शेजारच्या एकाच दाताला मागून चिकटवता येतो. त्याला जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पंख असतो. तो जिभेच्या बाजूला बसतो, बाहेरून दिसत नाही.

नुसता चिकटवून टिकतो कसा? खरी गंमत इथेच आहे. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी आम्ल लावत. मायकेल ब्युनोकोर या दंतवैद्यांनी तीच युक्ती 1955 साली दातावर करून दाखवली. आज सुमारे 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, 15 ते 30 सेकंद ठेवतात. धुऊन वाळवलं की तेवढाच भाग खडूसारखा पांढरा दिसतो, कारण तिथे सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात. चिकटवायचं पातळ रेझिन त्यांत झिरपतं आणि आतच कडक होतं. हजारो बारीक मुळ्या फुटाव्यात तसं.

हे झालं दाताच्या बाजूचं. पंख मात्र बहुधा झिरकोनिया या कणखर सिरॅमिकचा असतो. त्यात काच नसते, त्यामुळे आम्लाने त्याची अशी जाळी होत नाही. म्हणून ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा फवारा मारून ते खरखरीत करतात आणि एमडीपी नावाचा रेणू लावतात. त्याचं फॉस्फेटचं टोक झिरकोनियाला धरतं, दुसरं टोक रेझिनच्या साखळीत गुंफलं जातं. थुंकी लागली तर तिच्यातलं फॉस्फेट आधीच जागा अडवून बसतं! म्हणून दात एकदा बसवून पाहिला की पंख पुन्हा साफ करावा लागतो.

दोन पंख लावले तर दुप्पट मजबुती येईल, असं वाटतं. होतं उलटंच. प्रत्येक दात हाडात बारीक तंतूंवर टांगलेला असतो आणि चावताना आपापल्या परीने हलतो. दोघांना एकत्र बांधलं की ओढाताणीत एक पंख सुटतो. दुसरा धरून ठेवतो म्हणून कळत नाही, आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडत राहतो. एकच पंख असेल तर तो सुटला की खोटा दात सरळ हातात येतो. न मोडता आला, तर साफ करून पुन्हा चिकटवता येतो.

‘आयुष्यभराची हमी’ वगैरे जाहिरातींना मात्र भुलू नये. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी किंवा ज्यांचं इनॅमल फार झिजलंय त्यांच्यासाठी हा उपाय सहसा नाही.