पासंग की पट्टा: डिटेक्टरच्या ओझ्याची गोष्ट

मेटल डिटेक्टर तासभर फिरवला की आधी मनगट बोलतं, मग कोपर, आणि दुसऱ्या दिवशी खांदा. काट्यावर ठेवलं तर यंत्र जेमतेम दीड किलो भरतं. म्हणून दोष वयाला किंवा सवयीला दिला जातो. खरी गोम वजनात नाही, ते कुठे टांगलंय यात आहे. या यंत्राचा जवळपास दीडशे वर्षांचा प्रवास म्हणजे तेच वजन हातातून पाठीवर, पाठीवरून कंबरेवर आणि पुन्हा हातात, असा फिरत राहिलेला आहे.

1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) समतोल साधणारं यंत्र जुळवलं. हातात फक्त कॉइल. बॅटरी वेगळी, तारेनं जोडलेली. खाटेतल्या पोलादी तारांनी घोळ घातला आणि गोळी काही सापडली नाही, पण मनगटाच्या दृष्टीनं मांडणी उत्तम होती. अभियंते गेरहार्ड फिशर यांना 1937 मध्ये पेटंट मिळालं ते दोन पेट्यांच्या यंत्राचं. आत व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे बॅटऱ्याही तशाच जड. पुढे पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी 1941-42 च्या हिवाळ्यात सुरुंगशोधक घडवला आणि तो अल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. तो 14 किलोच्या आसपास होता, तरी एकट्या जवानाला चालवता येई. इतकं ओझं लांब काठीवर पेलणं अशक्यच, त्यामुळे त्याचा वाटा अंगावर गेला.

ट्रान्झिस्टर आल्यावर सगळं एका काठीवर बसवता येऊ लागलं आणि हाताचं दुखणं सुरू झालं ते इथून. सत्तरच्या दशकात जमिनीचा परिणाम वजा करणारी यंत्रं आली, इलेक्ट्रॉनिक्सचे डबे पुन्हा जड झाले, मग डबा काढून कंबरेच्या पट्ट्याला अडकवायची सोय निघाली. 1995 च्या मायनलॅब एसडी 2000 या पल्स इंडक्शन (कॉइलमध्ये विजेचे झटके सोडून धातू शोधणाऱ्या) यंत्राला वीज इतकी लागे की शिसे-आम्लाची बॅटरी पाठीवरच न्यावी लागे. त्याच कंपनीचं 2015 चं जीपीझेड 7000 तर 3.3 किलोचं, खांद्याचा पट्टा यंत्रासोबतच येतो.

इंदूरकरांनी हा इतिहास माहीत असलेला बरा, कारण इथली माती. माळव्याची काळी माती बेसॉल्टपासून बनलेली. तिच्यातली लोहखनिजं कॉइलला खोटे इशारे देतात. अशा जमिनीत एकात एक वर्तुळांच्या साध्या कॉइलपेक्षा डीडी कॉइल (इंग्रजी D आकाराच्या दोन वेटोळ्यांची) बरी चालते, आणि 11 इंची डीडी कॉइल सहज पाचशे ग्रॅमची असते. डांबराखाली गेलेलं व्हॉल्व्हचं झाकण शोधा नाहीतर शेतात पडलेला नांगराचा फाळ, हे पाचशे ग्रॅम काठीच्या टोकालाच लटकतात. (पुरलेलं धन शोधायला निघालेल्यांसाठी: 1878 च्या कायद्यानुसार 10 रुपयांवरचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे.)

आता हिशेब. दीड किलोचं एक यंत्र धरू आणि आडवी अंतरं मुठीपासून मोजू. पुढे 90 सेंमीवर 500 ग्रॅमची कॉइल, 35 वर 250 ग्रॅमची काठी, 10 वर 400 ग्रॅमचा डबा. मागे 25 सेंमीवर 350 ग्रॅमची बॅटरी. बेरीज-वजाबाकी केली की पुढच्या बाजूला 49,000 ग्रॅम-सेंमी उरतात. कोपरपट्टी (कोपराजवळ हात अडकवायची पट्टी) मुठीमागे 28 सेंमीवर असेल, तर तिथे हातानं 1,750 ग्रॅम खाली दाबावे लागतात. मुठीला यंत्राचे 1,500 आणि हे 1,750, असे सव्वातीन किलो उचलावे लागतात. दुखतं ते यामुळे.

बहुतेकांना आधी सुचतो तो पासंग: मागच्या टोकाला शिसं बांधायचं. 40 सेंमीवर 300 ग्रॅम बांधले तर मुठीवरचा भार 3,250 वरून 3,120 ग्रॅम होतो, आणि खांद्याला मात्र 300 ग्रॅम जास्त झुलवावे लागतात. मागची बॅटरी काढून कंबरेला लावली तरी मूठ 3,210 वरच राहते, कारण ती बॅटरीच पासंगाचं काम करत होती. कॉइल 100 ग्रॅमनं हलकी घेतली तर मुठीवरचे 420 ग्रॅम कमी होतात.

सगळ्यांत मोठा फरक पट्ट्याचा. मुठीपुढे 10 सेंमीवर ताणदोरीनं (ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीनं) वरच्या दिशेला 2 किलोची ओढ दिली की मुठीवर साडेपाचशे ग्रॅमच्या आत उरतात. दोन पट्ट्यांची जुनी शाळेची पाठपिशवी आणि सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली ताणदोरी एवढ्यावर भागतं. दोरी पिशवीच्या खांद्याजवळच्या कडीतून सोडा आणि यंत्र कामाच्या उंचीवर, म्हणजे कॉइल जमिनीपासून 2-4 सेंमीवर धरून, लटकत्या काट्यानं ओढ मोजा. ओढ जास्त झाली तर झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल उचलली जाते आणि खोली हातची जाते. दोरी आखूड असली तरी तेच होतं. गळ्यात अडकवलेला एकच पट्टा नको. ओझं मनगटावरून मानेवर जातं, एवढंच.

बॅटरी बदलणार असाल तर आठ एए सेलच्या जागी तीन 18650 लिथियम सेल चालतात, पण व्होल्टेज चढवणारी स्वस्त पाटी मध्ये घालू नका. तिचा विजेचा गोंगाट थेट कॉइलमध्ये येतो. कॉइलची केबल काठीला घट्ट गुंडाळा. ती सैल हलली की खोटी टणटण सुरू होते. कॉइलचा बोल्ट नायलॉनचाच हवा. हलकी म्हणून कार्बन फायबरची काठी घेतली तरी खालचे 40-45 सेंमी फायबरग्लासचेच ठेवा, कारण कार्बनमधून वीज वाहते आणि कॉइलजवळ आला की त्याचाही इशारा येतो.